सांगलीत पीआरओ (जनसंपर्क अधिकारी) म्हणून लागलाय? मग आधी गेटवर जा

जॉइन झाल्या झाल्या लॅपटॉप, व्हिजिटिंग कार्ड, मीडिया लिस्ट यातलं काहीही मागू नका, सरळ गेटवर जा आणि वॉचमनला भेटा. त्याचं नाव विचारा, नंबर घ्या, शिफ्ट कधी बदलते ते विचारा आणि तुमचा नंबर त्याच्या केबिनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. कारण काही घडलं की पत्रकार, पोलीस, कामगाराच्या घरचे, सगळे आधी त्याच्यासमोर येऊन उभे राहतात आणि तो जे बोलेल तेच कंपनीचं पहिलं स्टेटमेंट असतं, तुम्ही वर केबिनमध्ये बसून नंतर कितीही चांगलं लिहिलं तरी. त्याला एवढंच शिकवायचं, "साहेब बसा, पाणी घ्या, माहिती देणाऱ्या मॅडम दहा मिनिटांत येतायत." आणि मग खरंच दहा मिनिटांत जायचं.

मी या कामात १७ वर्षं आहे. सुरुवातीची चार पुण्यात एका एजन्सीत आणि बाकी सगळी सांगली, मिरज, कुपवाड, थोडी तासगावकडं. दूध, दवाखाना, इंजिनिअरिंग, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, एक शिक्षण संस्था असं सगळं केलंय. पुण्यात जे शिकले ते खूप उपयोगी पडलं, पण तिथं पत्रकार म्हणजे एक्सेल शीटमधली एक ओळ असायची. इथं तोच पत्रकार संध्याकाळी विश्रामबागला भाजी घेताना भेटतो, त्याची मुलगी माझ्या भाच्याच्या वर्गात असते आणि त्याचा चुलतभाऊ आपल्याच कंपनीत फिटर असतो. म्हणजे प्रेसनोटमध्ये काहीही लिहा, आत काय चाललंय ते त्याला चुलतभावाकडून आधीच कळलेलं असतं. त्यामुळं खोटं तर सोडाच, अर्धवट बोलायलासुद्धा इथं जागा नाही, आणि माझ्या मते ही या गावाची चांगली गोष्ट आहे, त्यानंच मला काम शिकवलं.

पहिले पंधरा दिवस

फिरा. सकाळ, पुढारी, लोकमत, तरुण भारत, पुण्यनगरी, प्रत्येक ऑफिसला स्वतः जा, पण जाताना प्रेसनोट घेऊन जाऊ नका. पहिल्या भेटीत काही मागायचं नाही. फक्त दोन प्रश्न विचारायचे, आमच्या क्षेत्राच्या बातम्या तुमच्याकडं कोण बघतं आणि तुमचं पान किती वाजता सुटतं, म्हणजे छपाईला जातं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. शहराचं पान उशिरापर्यंत चालू असतं पण जत-आटपाडीकडची पानं आधी सोडावी लागतात, गाडीला लांब जायचं असतं. तुमची बातमी जतच्या शेतकऱ्यांसाठी असेल आणि तुम्ही ती संध्याकाळी सातला पाठवली तर ती सांगलीत छापून येणार आणि जतमध्ये कुणालाच दिसणार नाही, मग साहेब म्हणणार बातमी आली तरी फोन कसा नाही एक पण.

सांगली आकाशवाणीला विसरू नका. नवीन पोरं रेडिओ म्हटलं की फक्त एफएमची जाहिरात धरतात, पण ऊस आणि द्राक्षाच्या रानात अजूनही रेडिओ वाजतो. आणि जिल्हा माहिती कार्यालयात एकदा जाऊन या. ते सरकारी बातम्यांचं काम बघतात, तुमच्या खासगी कंपनीच्या नाही, पण तुमच्या कार्यक्रमाला जिल्हाधिकारी किंवा पालकमंत्री आले तर त्यांची नोट तिकडूनही जाते आणि त्यांच्या नोटेत ३०० रोपं आणि तुमच्या नोटेत ५०० रोपं असं झालं तर सकाळी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. कार्यक्रम संपल्यावर फोन करून आकडे जुळवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

कंपनीच्या आतसुद्धा तेवढंच फिरायचं. शॉप फ्लोअर, स्टोअर, कँटीन, ट्रान्सपोर्टवाले, युनियनचे दादा. पीआरओ म्हणजे बाहेरच्यांशी गोड बोलणारी बाई असं आतल्या लोकांना वाटत असतं, आणि तुम्ही कधीच खाली उतरला नाहीत तर ते बरोबरच वाटतंय असं होतं. संकटाच्या वेळी खरी माहिती एमडीकडून येत नाही, सुपरवायझरकडून येते. तो तुम्हाला ओळखत असला पाहिजे.

प्रेसनोट

आपल्याकडची नोट अजून अशी असते बघा, "येथील सुप्रसिद्ध अमुक उद्योगसमूहाच्या वतीने मान्यवरांच्या शुभहस्ते प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन मोठ्या उत्साहात संपन्न झाले. याप्रसंगी अध्यक्षस्थानी…" आणि मग अकरा नावं. डेस्कवरचा उपसंपादक यातून बातमी कुठून काढणार? त्याच्यासमोर अशा पन्नास नोटा पडलेल्या असतात. तीच गोष्ट अशी लिहा, "सांगली : कुपवाड एमआयडीसीतील अमुक कंपनीत १ जुलैपासून ४० आयटीआय झालेल्या मुलांना सीएनसी मशीनचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मोफत मिळणार आहे. अर्ज १५ जूनपर्यंत कंपनीच्या गेटवर मिळतील." झालं. कोण, काय, कधी, किती, आणि वाचणाऱ्यानं काय करायचं. उद्घाटन कुणी केलं ते तिसऱ्या परिच्छेदात. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, म्हणून जे कापलं तरी चालेल ते खाली ठेवायचं. साहेबांना नाव वर पाहिजे असतं हे मला माहीत आहे, त्यांना हे एकदा समोर बसवून समजावून सांगा, पेपर उघडून दाखवा, पटतं त्यांना.

नोट युनिकोडमध्ये टाइप करा. पीडीएफ नको, लेटरहेडचा फोटो तर अजिबात नको. त्यांच्याकडं पान लावायचा फॉन्ट वेगळा असतो, तुमचा मजकूर कॉपी करून कन्व्हर्ट करता आला पाहिजे, नाहीतर कुणालातरी बसून परत टाइप करावं लागतं आणि रात्री आठला ते कुणीच करत नाही. शिवाय परत टाइप करताना नावं चुकतात. ३०० शब्दांच्या वर जाऊ नका. खाली तुमचं नाव आणि मोबाइल, आणि तो मोबाइल रात्री अकरापर्यंत उचलायचा.

नावांचं काय होतं ते सांगते. इथं परतल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही चांगलं उत्पादन काढणाऱ्या शेतकऱ्यांचा सत्कार केला, १८ जण होते. मी यादी अकाउंट्सकडून घेतली आणि तशीच नोटेत टाकली. एका नावात वडिलांचं आद्याक्षर चुकलं. आडनाव पाटील, गाव तेच, नाव तेच, आणि त्या चुकलेल्या आद्याक्षराचा माणूस खरंच त्या गावात होता, यांचाच चुलतभाऊ, आणि दोघांची बांधावरून कोर्टात केस चालू होती. सकाळी साडेसातला हे काका पेपर हातात घेऊन गेटवर उभे. ओरडले नाहीत ते. मला एवढंच म्हणाले, "पोरी, आयुष्यात पहिल्यांदा पेपरात यायचं होतं, ते पण त्याचंच नाव आलं." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आणली, स्वतः गावात जाऊन अंक दिला, पण दुरुस्ती एका कोपऱ्यात दोन ओळींची असते. तेव्हापासून सत्कार असो नाहीतर रक्तदान, नाव त्या माणसाकडूनच त्याच्या हातानं कागदावर लिहून घेते, मोबाइल नंबर सकट, आणि नोट पाठवायच्या आधी त्याला फोनवर वाचून दाखवते. १८ नावांना पाऊण तास लागतो. तो पाऊण तास काढायचाच.

फोटोचं थोडक्यात. बुके घेऊन ओळीनं उभे असलेले दहा जण हा फोटो कुणालाच नको असतो. मशीनवर काम करणारी मुलगी, हळदीच्या ढिगाजवळ वाकून कांडी मोडून बघणारा व्यापारी, असा एक फोटो काढा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की क्वालिटी जाते आणि छापल्यावर धुरकट दिसतो. फोटोओळ सोबतच द्या, डावीकडून कोण कोण ते लिहून.

पत्रकार परिषद

बहुतेक वेळा ती घ्यायचीच नसते. सांगायला नवीन काही असेल आणि लोकांना प्रश्न विचारायचे असतील तरच घ्या, नुसता वर्धापनदिन आहे म्हणून वीस माणसांचा दुपारचा वेळ खाऊ नका. घ्यायचीच ठरली तर सकाळी साडेअकरा-बाराची वेळ बरी. महिन्याचा पहिला सोमवार टाळा, कलेक्टर ऑफिसला लोकशाही दिन असतो आणि निम्मे बातमीदार तिकडं असतात. महापालिकेची महासभा कधी आहे तेही बघून घ्या. चहा आणि भडंग पुरतं, हॉटेलात बुफे लावला म्हणून बातमी मोठी होत नाही.

त्यापेक्षा जास्त वेळ आदल्या दिवशी साहेबांसोबत घालवा. मी पाच प्रश्न लिहून काढते, जे मला स्वतःला त्यांना विचारायला भीती वाटते तेच पाच. बोनस का रखडला, सांडपाणी ओढ्यात जातं का, मागच्या वर्षी दिलेला शब्द का पाळला नाही. आणि मी पत्रकार होऊन विचारते, ते उत्तर देतात. पहिल्यांदा सगळेच साहेब चिडतात. एक मालक मला म्हणाले होते, "तू आमच्या बाजूची हाईस का त्यांच्या?" मी म्हटलं अण्णा, उद्या बारा वाजता हे मी नाही विचारणार, दुसरं कुणीतरी विचारणार, तेव्हा कॅमेरा चालू असेल. मग बसले ते, तासभर बसले आणि दुसऱ्या दिवशी सांडपाण्याचा प्रश्न खरंच आला. त्यांनी सांगितलं की प्लांट जुना झालाय, क्षमता कमी पडतेय, नवीन टाकी मार्चपर्यंत होईल. दुसऱ्या दिवशी ती बातमी आतल्या पानावर साधी आली. दडवलं असतं तर पहिल्या पानावर आली असती असं मला आजही वाटतं. आणि मार्चमध्ये टाकी झाल्यावर मी त्याच पत्रकारांना परत बोलावून दाखवली, हे विसरायचं नाही.

माहिती नसेल तर "माहिती घेऊन पाच वाजेपर्यंत सांगतो" असं म्हणायला शिकवा. "नो कमेंट" म्हणायचं नाही, त्याचा अर्थ लोक काहीतरी लपवताय असाच घेतात. आणि "हे छापू नका हं" म्हणून काही सांगायचं नाही. छापायचं नसेल तर बोलायचंच नाही.

ती रात्र

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. २०१६ ची गोष्ट, बेदाण्याचा सीझन. ज्या कोल्ड स्टोरेजचं काम मी बघत होते तिथं रात्री अमोनियाची गळती झाली. कोल्ड स्टोरेजला गार करायला अमोनिया वापरतात, वास इतका उग्र असतो की डोळे आणि घसा लगेच जळायला लागतो. पावणेदहाला मला मालकांचा फोन आला, "किरकोळ आहे, व्हॉल्व्ह बंद केलाय, कुणाला काही झालेलं नाही, पेपरवाल्यांचे फोन येतायत तेवढं बघा." मी घरी होते, मुलाला झोपवत होते. मी तिथूनच सहा जणांना फोन केले आणि तेच सांगितलं, कुणालाही काही झालेलं नाही. सहाही जणांनी विश्वास ठेवला, कारण तोपर्यंत मी त्यांना कधी चुकीचं सांगितलं नव्हतं.

अकराला मिरजेच्या एका बातमीदाराचा फोन आला. आवाज एकदम हळू होता त्याचा. "ताई, मी दवाखान्यात उभा आहे. तुमच्याकडच्या बेदाणा निवडणाऱ्या दोन बायका आल्यात. डोळ्यावर पट्ट्या आहेत. एक जण सारखं विचारतीय घरी पोरगी एकटी आहे तिला कुणी सांगितलं का." मी काय बोलणार. गाडी काढली, आधी दवाखान्यात गेले, त्या दोघींना भेटले, त्या मुलीच्या घरी शेजारणीला फोन लावला. आणि मग दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसून सहाही जणांना परत फोन केले. "मघाशी मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. दोन महिला दवाखान्यात आहेत. मी आत्ता त्यांना भेटून आलेय. मी खात्री न करता बोलले, माफ करा." दोघांची पानं सुटली होती, त्यांनी मशीन थांबवून ओळ बदलायला सांगितली. एक जण खूप बोलला मला आणि त्याचं बरोबर होतं.

मालक दुसऱ्या दिवशी माझ्यावर भडकले, मी परत फोन करायला नको होता म्हणून. त्यांना खरंच माहीत नव्हतं, सुपरवायझरनं त्यांना सांगितलं नव्हतं, घाबरला होता तो. म्हणजे खोटं कुणी ठरवून बोललं नव्हतं, तरी माझ्या तोंडून ते गावभर गेलं होतं. त्या दोघी आठवड्यानं घरी गेल्या, डोळे वाचले, पण मी त्या दिवशी मालकांना स्पष्ट सांगितलं की इथून पुढं "कुणाला काही झालं नाही" हे वाक्य मी स्वतः हजेरी रजिस्टर घेऊन एकेक माणूस मोजल्याशिवाय म्हणणार नाही, चालत असेल तर ठेवा. ठेवलं त्यांनी.

मग असल्या वेळी बोलायचं कसं, हे मला कुठल्या कोर्समध्ये नाही, कृष्णेवरच्या आपल्या आयर्विन पुलानं शिकवलं. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी सांगलीत काढलाय त्यांना आठवत असेल, त्या दिवसांत सगळं गाव एका मेसेजची वाट बघत असायचं. आयर्विनला पाणी किती फूट, किती वाजता, कोयनेतून विसर्ग किती क्युसेक. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे लहान पोरांना पण पाठ होतं आणि त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. व्हॉट्सअॅपवर धरण फुटलं इथपर्यंत अफवा होत्या, पण लोक विश्वास ठेवत होते त्या एका साध्या ओळीवर. कारण त्या ओळीत जागा, वेळ, आकडा याशिवाय काहीच नव्हतं. "परिस्थिती नियंत्रणात" असला शब्द नव्हता, आणि थोड्या वेळानं पुढची ओळ येणार हे माहीत असायचं. वाईट बातमी असायची तरी माणूस त्यावरून ठरवू शकायचा, सामान वर न्यायचं का घर सोडायचं.

तेव्हापासून माझी संकटाची नोट तशीच असते. त्या २०१६ च्या रात्री मी काय पाठवायला पाहिजे होतं ते नंतर लिहून ठेवलं, तुम्ही हवं तर जसंच्या तसं घ्या:

"वेळ रात्री १०.२०. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रात्री ९.१५ ला अमोनियाची गळती झाली. ९.३५ ला व्हॉल्व्ह बंद केला. त्या वेळी आत किती कामगार होते ते हजेरीवरून मोजत आहोत. दोन महिलांना डोळ्यांची जळजळ होत असल्यानं दवाखान्यात नेलं आहे. गळती कशामुळं झाली ते अजून कळलेलं नाही. पुढची माहिती ११.३० ला देऊ."

बघा, यात काय माहीत नाही ते पण लिहिलंय. आणि ११.३० ला नवीन काही नसलं तरी ११.३० ला मेसेज गेलाच पाहिजे, "अजून मोजणी चालू आहे, पुढचं १२.३० ला". वेळ पाळली की फोन कमी होतात, लोक थांबतात. घरच्यांना मात्र पेपरच्या आधी सांगायचं, नेहमी. आपला माणूस दवाखान्यात आहे हे कुणाच्या बायकोला यूट्यूब चॅनेलवरून कळता कामा नये.

ही काही माझी नवीन आयडिया नाही. पीआरच्या पुस्तकात आयव्ही ली म्हणून एका अमेरिकन माणसाचं नाव असतं, १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वे पाण्यात पडली, ५० हून जास्त माणसं गेली, तेव्हा त्यानं रेल्वे कंपनीला लपवायच्या ऐवजी लेखी निवेदन काढायला लावलं आणि पत्रकारांना जागेवर न्यायला सांगितलं. आपण ज्याला प्रेसनोट म्हणतो तिची सुरुवात तिथून धरतात, म्हणजे ती सत्काराच्या बातमीसाठी नाही, अपघाताच्या बातमीसाठी जन्माला आली. मग १९८२ ला शिकागोत टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, ७ माणसं गेली, कंपनीची चूक नव्हती तरी त्यांनी देशभरातून ३ कोटी १० लाखांच्या आसपास बाटल्या परत मागवल्या. माल परत घ्यायला किती खर्च येतो हे आपल्या दूधवाल्यांना विचारा, मग त्या निर्णयाचं वजन कळेल. म्हणजे नुसतं बोलून भागत नाही, काहीतरी करावं लागतं आणि मग केलेलं सांगायचं. कंपनी काहीच करत नसेल तर तुमच्या नोटेत लिहायला काही नसणारच, अशा वेळी नोट सुंदर करत बसण्यापेक्षा साहेबांकडं जाऊन काय करता येईल ते बोला.

जाहिरात, पाकीट आणि मोबाइलवाले चॅनेल

जाहिरात आणि बातमी एका माणसाकडं ठेवू नका. दिवाळी अंक, वर्धापनदिनाच्या पुरवण्या यासाठी जाहिराती मागायला लोक येणारच, त्याचं बजेट वर्षाच्या सुरुवातीला ठरवा आणि ते मार्केटिंगकडं द्या. "एवढी जाहिरात देतो आणि आमची बातमी लावत नाही" हे वाक्य चुकूनही म्हणू नका, एकदा म्हटलं की तुम्ही बातमीदाराच्या नजरेतून उतरलात, आणि ज्या दिवशी जाहिरात कमी होईल त्या दिवशी तुमच्याकडं काहीच उरणार नाही.

पाकीट, म्हणजे बातमीसाठी पैसे, देऊ नका. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, १८३२ ला याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण सुरू केलं. त्या दिवशी आमच्याकडं बऱ्याच कंपन्या महागड्या भेटवस्तू वाटतात. मी त्या दिवशी प्रत्येक ऑफिसला जाऊन भेटते, गेल्या वर्षीची त्यांची एखादी चांगली बातमी, आमच्याबद्दलची नाही, दुसरी कुठलीही, आठवून तिच्याबद्दल बोलते. त्यासाठी वर्षभर पेपर वाचावा लागतो. दोन-तीन जणांनी मला सांगितलंय की घरातले सोडले तर बातमी वाचली म्हणून सांगणारं कुणी भेटत नाही.

मोबाइल आणि माइक घेऊन येणारी पोरं आता खूप आहेत. त्यांना हिडीसफिडीस करू नका, त्यातले कित्येक मनापासून काम करतात आणि गावागावात बघितले जातात. माहिती सगळ्यांना एकच, एकाच वेळी. पण कुणी "व्हिडिओ लावत नाही, काय ते बघा" असं म्हणालं तर हसतमुखानं सांगायचं की तुमचे प्रश्न लेखी पाठवा, उत्तर लेखी देते. आणि द्यायचंच उत्तर. एकदा पैसे दिले की पुढच्या महिन्यात चार जण येतात, हे मी दुसऱ्याच्या कंपनीत जवळून बघितलंय.

चुकीची बातमी आली तर

साहेबांचा पहिला फोन मुख्य संपादकाला किंवा पेपरच्या मालकाला जातो. तो थांबवणं हे तुमचं काम. आधी बातमी दोनदा शांतपणे वाचा, खरंच चूक आहे का आपल्याला आवडलेली नाही एवढंच आहे. मी मोजलं तर दहातल्या सात वेळा दुसरंच असतं. खरंच चूक असेल तर ज्यानं लिहिलीय त्यालाच फोन, कागद सोबत, आणि एकच चूक दाखवायची. "दादा, तुम्ही ६० कामगार कमी केले लिहिलंय, हे रजिस्टर बघा, कंत्राट संपलेले १६ आहेत." वकिलाची नोटीस वगैरे अगदी शेवटचं, मी १७ वर्षांत एकदाही पाठवलेली नाही.

वरिष्ठांना काय दाखवायचं

महिन्याच्या शेवटी कात्रणवही पुढं ठेवली की विचारतात, किती रुपयांची बातमी आली. एजन्सीत आम्ही पट्टी घेऊन बातमीचे सेंटिमीटर मोजून जाहिरातीच्या रेटनं गुणायचो. २०१० ला बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनीच ठरवलं की हा आकडा म्हणजे पीआरची किंमत नाही, आणि माझाही अनुभव तोच. मी आता वेगळ्या गोष्टी लिहिते. प्रशिक्षणाची बातमी आल्यावर गेटवरून किती अर्ज गेले, त्यातले जत, कवठेमहांकाळचे किती. दुधाच्या दराची बातमी आल्यावर संकलन केंद्रावर भांडणं कमी झाली का. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा आकडा, आपल्याविरुद्धची बातमी छापायच्या आधी किती पत्रकारांनी आपल्याला फोन करून विचारलं. २०१६ च्या आधी हा आकडा जवळजवळ शून्य होता. त्या रात्री दवाखान्यातून फोन करणारा तो बातमीदार आजही आधी मला फोन करतो, आणि कधीकधी मी सांगितल्यावरही बातमी आमच्या विरोधातच लावतो, ते चालतं.

हे सगळं एका वहीत लिहून ठेवा, मोबाइलवर अवलंबून राहू नका, मोबाइल हरवतो आणि नोकरी पण बदलते. माझ्या वहीत प्रत्येक पत्रकाराचं एक पान आहे. नंबर, बीट (कुठल्या विषयाच्या बातम्या बघतात), पान कधी सुटतं, त्यांनी आधी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं तारखेसह, आणि उत्तर द्यायचं राहिलं असेल तर त्यावर लाल पेनानं गोल. नोकरी सोडताना त्या वहीची झेरॉक्स पुढच्या माणसाला देऊन यायचं, आणि लाल गोल शिल्लक असतील तर त्या पत्रकारांना जायच्या आधी स्वतः फोन करायचा.